वुल्व्हरिनची उंची

आजचा रविवार वुल्व्हरिनला, म्हणजे मार्व्हल कॉमिक्समधल्या या नायकाच्या हलत्या सांध्यांच्या प्लास्टिक बाहुल्याला (ॲक्शन फिगरला), बुटका करण्यात गेला. कॉमिक्समध्ये हा गडी जेमतेम ५ फूट ३ इंच आणि कॅप्टन अमेरिका ६ फूट २ इंच. म्हणजे १:१२ या प्रमाणात पहिला सुमारे १३.३, तर दुसरा १५.७ सेंटिमीटर भरायला हवा. कंपन्या मात्र खर्च वाचवण्यासाठी एकच साचा अनेक पात्रांना वापरतात आणि मग कपाटात दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहतात, हे मला फार खुपत होते.

गरम पाण्यात धरल्यावर प्लास्टिक मऊ पडले आणि सांधे न मोडता पाय निखळले. सगळी कपात मांडीतून केली असती, तर गुडघे भलत्याच जागी आले असते. म्हणून थोडा काप मांडीतून आणि थोडा पोटरीतून काढला, आत तारेची खुंटी बसवली आणि फट एपॉक्सी पुट्टीने भरून बारीक पॉलिश पेपरने घासली. डोके आणि छाती यांना हात लावला नाही, कारण वुल्व्हरिन बुटका असला तरी किरकोळ नव्हे.

गुडघ्यांच्या आतल्या बाजूही किंचित घासून घेतल्या, नाहीतर ॲक्रिलिक रंगाचा थर हालचालीबरोबर खरवडला जातो. पिवळा रंग झाकायला फारच कमी पडतो, तेव्हा आधी पांढरा हात दिला आहे. पिवळ्याचे पातळ हात उद्यापासून.