आमची वाटचाल : दमशेराजची 108 कार्डं आणि एक पावसाळा

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मूळ घरी तीन पिढ्या जमल्या, आरत्या आणि जेवणं उरकली की रात्री दमशेराज, न बोलता हावभावांनी सिनेमाचं नाव ओळखायला लावायचा खेळ, रंगतोच. त्याला चिठ्ठ्या पुरतात, छापील कार्डांचा संच विकत कोण घेणार, असं सुरुवातीला सगळ्यांनीच ऐकवलं. पण चिठ्ठ्यांवर तीच ती दहा नावं फिरतात, शब्द किती यावरून भांडण जुंपतं आणि आजीच्या वाट्याला तिने पाहिलेला एकही सिनेमा येत नाही. या तीन अडचणींवरच आमचा संच उभा आहे.

108 हा आकडा शुभ म्हणून घेतलेला नाही. 63 × 88 मि.मी.ची कार्डं 12 × 18 इंची शीटवर कटिंगची जागा सोडून 18 बसतात. सहा शीटमध्ये संच पुरा होतो, कागद वाया जात नाही. प्रत्येक कार्डावर नाव, भाषा, वर्ष आणि शब्दसंख्या. वर्ष हवंच. ‘देवदास’चा प्रसंग करून दाखवणाऱ्याच्या डोक्यात 1955 चा असतो, ओळखणाऱ्यांच्या डोक्यात 2002 चा, आणि वेळ संपते.

36 सोपी, 36 मध्यम, 36 अवघड. ही वाटणी सिनेमा किती गाजला यावर करायची नसते. हाताने दाखवता येईल असा शब्द नावात आहे का, ते बघायचं. ‘श्वास’ छातीवर हात ठेवला की सुटतो. ‘सिंहासन’ सिंह आणि आसन असं तोडलं की जमतं. पण 1950 चा पहिला कोंकणी चित्रपट ‘मोगाचो आंवडो’ आम्ही अवघड गठ्ठ्यातच ठेवला. मोग म्हणजे प्रेम, ते दाखवता येतं; आंवडो म्हणजे ओढ, ती दाखवताना भलेभले अडतात.

आता त्या पावसाळ्याबद्दल. 500 संच, म्हणजे 54,000 कार्डं. ऑर्डरमध्ये दोन्ही बाजूंना मॅट लॅमिनेशन, म्हणजे बिनचकाकीची पातळ प्लॅस्टिक फिल्म, स्पष्ट लिहिलेलं होतं. छापखान्याने फक्त पुढची बाजू केली आणि ऐन जूनमध्ये माल दिला. गोव्याच्या पावसाळी हवेत उघडा कागद पाणी ओढतो. मागची बाजू फुगली, प्लॅस्टिकची बाजू फुगली नाही, त्यामुळे प्रत्येक कार्ड पुढच्या बाजूला वळून पन्हळीसारखं झालं. डब्यांची झाकणं बसेनात. सोपी कार्डं जास्त वळली, अवघड कमी, कारण शीट लावताना कागदाचा दाणा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, काहींत उभा तर काहींत आडवा आला होता. पाठीवरूनच कार्ड ओळखू येऊ लागलं, मग खेळ कसला? वजनाखाली दाबून ठेवली, दिव्याखाली सुकवली; दोन दिवसांत परत तशीच. छापखान्याचं उत्तर एकच : हवेचा दोष. तो राग अजून गेलेला नाही. हवा गोव्याची आहे हे ऑर्डर घेताना माहीत होतं.

चवथीच्या तोंडावर माल परत येत होता, तेव्हा माशेल गावचे एक निवृत्त मास्तर दुकानात आले. वाकडा संच त्यांनी बदलून मागितला नाही. पुढच्या दहा संचांचे पैसे आगाऊ ठेवले आणि म्हणाले, “कार्डं सरळ झाली की धाडा, घाई नाही.” त्या पैशांत 350 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 350 ग्रॅम वजनाचा, कागद आला. दोन्ही बाजूंना एकाच जाडीची फिल्म, सगळ्या शीटचा दाणा एका दिशेला, आणि कोपरे लॅमिनेशननंतर 3 मि.मी. गोल. टोकदार कोपऱ्याची फिल्म आधी सुटते आणि ओल तिथूनच आत शिरते. जाडी मोजायला कॅलिपर लागतो. आमचं कार्ड 0.42 मि.मी. भरतं, 54 चा गठ्ठा 23 मि.मी.च्या आत बसतो आणि डबा 26 चा आहे.

मग एका मोठ्या कंपनीने आमच्यासारखाच संच बाजारात आणला. चित्रपटाच्या नुसत्या नावावर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये स्पष्ट केलेलं आहे, त्यामुळे नावांबद्दल तक्रार नाही. पण आमच्या पहिल्या छपाईत ‘अशी ही बनवाबनवी’पुढे चुकून 4 शब्द पडले होते, बनवा आणि बनवी वेगळे मोजल्यामुळे. त्यांच्या कार्डावरही 4 च होते. मेहनत कुणाची हे त्या चारने दाखवून दिलं.

पुढची वर्षं सुरळीत गेली.

या धंद्यात येणाऱ्यांना सांगतो. जून ते सप्टेंबर छपाई करू नका; मे संपायच्या आत गठ्ठे श्रिंकरॅपमध्ये बंद करा, पण लॅमिनेशननंतर एक दिवस मोकळे ठेवून. ओले बांधले तर काळी बुरशी धरते. खोके भिंतीपासून हातभर लांब आणि फळीवर ठेवा. वेळ मोजायची वाळूची घड्याळं घाऊक घेतली तर एकेक घड्याळ मोबाइलच्या स्टॉपवॉचशी ताडून तपासा. दोन मिनिटांच्या घड्याळात दहा सेकंदांहून जास्त फरक असेल तर परत करा. नियमांच्या कागदावर ओठ न हलवणं, वस्तूकडे बोट न दाखवणं आणि हवेत अक्षरं न काढणं ठळक छापा. बारापेक्षा जास्त माणसं असतील तर तीन गट करायला सांगा, नाहीतर पोरं वाट बघून कंटाळतात.

मास्तर अजून दर चवथीला तीन संच नेतात. काउंटरवरच एक उघडतात, मधलंच कुठलंतरी कार्ड काढून काचेवर ठेवतात, चारही कोपरे अंगठ्याने दाबून बघतात आणि मगच पाकीट काढतात.