रात्रीच्या ब्लॉकमधून सावंतवाडीकडे

कोकण रेल्वेवर वीरपर्यंत दुहेरी मार्ग, तिथवर गाडी वेळेत. वीरनंतर एकेरी मार्ग लागतो, म्हणजे दोन्हीकडच्या गाड्यांना एकच मार्ग, आणि त्या रात्री पुढे रूळबदलाचा ३ तासांचा ब्लॉक होता, म्हणजे कामासाठी तेवढा वेळ वाहतूक बंद. चिपळूण सोडल्यावर समोरच्या गाडीला वाट देता येते अशा एका लहान क्रॉसिंग स्टेशनात गाडी लूपवर, म्हणजे बाजूच्या मार्गावर घेतली. ब्लॉक वेळेत उठला, तरी सुटायला आणखी ५० मिनिटं गेली, कारण समोरून अडकून पडलेल्या दोन गाड्या आधी काढल्या. पुढच्या स्टेशनात लूप मोकळी झाल्याशिवाय इथे सिग्नल मिळत नाही. म्हणून ३ तासांचा ब्लॉक असेल तर साडेचार तास धरूनच चाला. अ‍ॅपवर आपल्या गाडीपेक्षा समोरून येणाऱ्या गाड्या कुठे उभ्या आहेत ते बघा, खरा अंदाज तिथे येतो.

पुढे कामाची जागा ताशी २० किलोमीटरच्या वेगाने ओलांडली. बॅटरीच्या उजेडात जुने रूळ कडेला पडलेले, माथा चकचकीत. नव्या रुळाचा माथा अजून तांबूस. चार गाड्या गेल्या की उजळतो. नवा रूळ आधीच बाजूला टाकून ठेवतात. १३ मीटरचे २० तुकडे जोडलेलं २६० मीटरचं पॅनेल, मीटरला ६० किलो म्हणजे साडेपंधरा टन. ओव्हरहेड वायरची वीज बंद करून अर्थिंग झालं, म्हणजे वायर जमिनीला जोडली, की रूळ धरून ठेवणाऱ्या क्लिपा काढायच्या, जुना रूळ सरकवायचा, रुळाखालचं रबर पॅड आणि क्लिपेखालचा लायनर बदलून नवा बसवायचा. किलोमीटरला रुळांखालचे १६६० आडवे स्लीपर धरले तर एवढ्या एका रुळाला साडेआठशेहून जास्त क्लिपा. समुद्राकडच्या खाऱ्या दमट हवेत त्या गंजून जाम होतात, घण घालूनही हलत नाहीत, आणि ब्लॉकची मिनिटं तिथेच जातात. शिवाय हवा १० अंशांनी बदलली की मोकळं पॅनेल ३ सेंटिमीटरने कमीजास्त होतं, त्यामुळे सांधा नेमका जुळवणं हे खरं कसबाचं काम. थर्मिट वेल्डिंगचा, म्हणजे जागेवरच वितळलेला धातू ओतून केलेला सांधाही पुरता निवू द्यावाच लागतो.

खडी नीट दाबली जाईपर्यंत वेगमर्यादा राहते. ३ किलोमीटरला २० च्या वेगाने ९ मिनिटं, वर शेवटचा डबा बाहेर पडेपर्यंत वेग वाढवता येत नाही. २२ डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब असते, तिची दीड मिनिटं वेगळी.

लहान स्टेशनात रात्री स्टॉल बंद असतो. माणशी दोन लिटर पाणी, लहान मुलांचं खाणं आणि औषधं हाताशी ठेवा. लूपवर डबा फलाटाबाहेर उभा राहू शकतो, अंधारात खडीवर उतरू नका.

राजापूर रोडला उतरणाऱ्यांनी जास्त काळजी घ्यावी. गाव स्टेशनापासून बरंच लांब आहे, ठरवलेल्या रिक्षावाल्याला गाडी रत्नागिरी सोडेल तेव्हा फोन करा. पहाटेच्या एसटीवर लग्नकार्य किंवा दवाखान्याची वेळ बेतू नका, आदली गाडी धरा.

चढायच्या स्टेशनावरच गाडी ३ तासांहून जास्त उशिरा असेल आणि जायचं रद्द केलं, तर पूर्ण पैसे परत मिळतात. ऑनलाइन तिकिटाचा टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, मात्र गाडी तिथून प्रत्यक्ष सुटण्याआधी भरायला हवा.