बास्जूचा पाचवा हिवाळा, आणि कापून टाकलेलं एक केळफूल

माझ्याकडे केळीची तीन झाडं आहेत. जमिनीत लावलेली मुसा बास्जू, थंडी सोसणारी केळ, तिला आता पाच बुंधे आहेत. एन्सेट या केळीच्या भाऊबंद कुळातली लाल पानांची मॉरेली, जी दर वर्षी उपटून आत आणावी लागते. आणि कुंडीतली सिक्किमेन्सिस, अजून लहान, तिच्याबद्दल यंदा सांगण्यासारखं फारसं नाही. मागच्या हिवाळ्यात आधीची मॉरेली कुजून गेली होती. यंदा तिच्या जागी आणलेलं रोप वाचलं. पण बास्जूच्या बाबतीत एक चूक झाली, आणि ही नोंद मुख्यतः तिच्यासाठीच लिहितोय.

ऑक्टोबर, दुसरा आठवडा. मॉरेली काढली. बास्जूसाठी मी पहिलं दव गोठायची वाट पाहतो, मॉरेलीसाठी पाहत नाही. बास्जूचा कंद जमिनीखाली पसरतो, दर वर्षी मुनवे, म्हणजे बाजूची पिल्लं, काढतो, एक बुंधा गेला तरी दुसरा येतो. एन्सेट मुनवे काढत नाही. एक कंद, त्याच्या माथ्यावर एक वाढीचा कोंब, बस. तो गोठला की झाडाकडे दुसरा उपायच नसतो.

पोंगा, म्हणजे मधलं न उलगडलेलं पान, तेवढा ठेवून सगळी पानं देठाशी कापली. बुडापासून हातभर अंतरावर गोल खणलं. मुळं बोटाएवढी जाड, पांढरी, दोरासारखी. ती तुटली म्हणून जीव खाली-वर करू नका, वसंतात नवी फुटतात. मग झाड उलटं केलं, शेंडा खाली आणि कंद वर, आणि पाच दिवस तसंच टेकवून ठेवलं. मागच्या वर्षी मी हेच केलं नव्हतं. केळीचा बुंधा म्हणजे एकात एक बसलेले सोप, पानांच्या देठांचे रुंद बुडखे, आणि प्रत्येक सोपाच्या बेचक्यात पाणी साठतं. पहिल्याच रात्री खाली ठेवलेल्या टोपल्यात लिटरभर पाणी उतरलं, तेही आठवडाभर पाऊस नसताना. मागच्या झाडात हे पाणी दोन महिने आत बसून होतं. जानेवारीत बुंध्याला अंगठा लावला तर तो आत गेला, आंबट वास आला, आणि सोप सोलत गेलो तसा कुजका तपकिरी पट्टा थेट कंदापर्यंत उतरलेला दिसला.

यंदा निथळून झाल्यावर कंदाची माती झटकली, भोवती गोणपाट सैल गुंडाळलं आणि झाड 6 ते 9 अंशांच्या अंधाऱ्या, कोरड्या खोलीत उभं ठेवलं. पाणी थेंबभरही नाही. हे निर्दयपणाचं वाटतं, पण एन्सेटच्या कुळातच ही सोय आहे. सह्याद्रीच्या कड्यांवरची रानकेळ, एन्सेट सुपर्बम, पावसाळा सरला की पानं टाकते आणि कोरडे महिने कंदावर काढते. मॉरेलीची मूळ जात इथिओपियाच्या डोंगराळ भागातली, तिला रानकेळीइतकी कडक झोप लागत नाही, पण चार-पाच महिने साठवणीवर निघतात.

दर पंधरा दिवसांनी बुडाशी अंगठ्याने दाबून पाहिलं. बाहेरचा सोप कागदासारखा वाळला तर त्याला हात लावायचा नाही, तो आतल्याला पांघरूण असतो. ओला आणि मऊ लागला तर लगेच सोलायचा. डिसेंबरअखेर एका बाजूला रुपयाएवढा मऊ डाग सापडला. दोन सोप काढले, पुसून दिवसभर वारा लागू दिला, वर गंधकाची भुकटी लावली. डाग तिथेच थांबला.

ऑक्टोबर, शेवटचा आठवडा. रात्री उणे 2 अंश. सकाळी बास्जूची पानं काचेसारखी ताठ होती. ऊन आलं तशी ती पाण्यात बुडवून काढल्यासारखी गडद झाली आणि दुपारपर्यंत काळी पडून लोंबली. नव्याने केळी लावणाऱ्यांना हे पाहून धक्का बसतो. पण पानं जाणं म्हणजे झाड जाणं नव्हे. केळीचा वाढीचा कोंब एरवी जमिनीलगत, कंदाच्या माथ्यावर असतो. वरचा उंच बुंधा हे खरं खोडच नाही, ती पानांच्या देठांची गुंडाळी आहे. नवं पान खाली जन्मतं आणि त्या नळीतून वर सरकत येतं. म्हणून बुंधा कमरेएवढा ठेवून कापला तरी मधून पुन्हा पोंगा निघतो. हिवाळ्यात जपायचा तो हा कोंब.

पाचही बुंधे 120 सेंटीमीटरवर कापले. चार कापांमध्ये नेहमीचं दिसलं: बाहेर चंद्रकोरीसारखे सोप, त्यांच्या आत जाळीदार पोकळ कप्पे, आणि मधोमध गुंडाळलेल्या कोवळ्या पानाची फिकट भोवऱ्यासारखी वेटोळी. सगळ्यात जाड बुंध्यात मात्र वेटोळी नव्हती. मधे एक भरीव, गोल, मलईच्या रंगाची चकती होती, नाण्यापेक्षा मोठी, मुळ्याच्या कापासारखी घट्ट. त्या क्षणी तिचा अर्थ लागला नाही. निरोगी दिसते म्हणून उलट बरंच वाटलं, आणि पुढच्या कामाला लागलो.

बुंध्यांभोवती मीटरभर रुंदीची तारेची जाळी उभी केली आणि आत कोरडा पेंढा भरला, दाबून नाही, सैल. कंदावर जमिनीलगत फूटभर पालापाचोळा. वर उतरतं पत्र्याचं छप्पर. बाजू उघड्या. सुरुवातीची दोन वर्षं मी सगळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळत असे, तेव्हा आतून घाम धरायचा आणि पेंढा जानेवारीतच काळा पडायचा. कोरडा पेंढा ऊब धरतो, ओला धरत नाही. यंदा पेंढ्यात, जमिनीपासून 60 सेंटीमीटरवर, एक तापमापक ठेवला होता. बाहेरचा सगळ्यात खालचा आकडा उणे 9, आतला त्याच रात्री उणे 2. सलग थंडीच्या आठवड्यात मात्र हा फरक कमी होत गेला. म्हणजे पेंढा थंडी अडवत नाही, लांबवतो. खरी ऊब जमिनीतून येते, आणि म्हणूनच बुंध्याचं खालचं टोक वरच्यापेक्षा नेहमी चांगलं राहतं.

मार्च, शेवटचा आठवडा. पेंढा काढला. हे माझं वर्षातलं सगळ्यात आवडतं काम. धारदार सुरी घ्यायची आणि वरून चार-चार बोटांच्या चकत्या उतरवत यायचं. पहिल्या बुंध्यात वर गाभा तपकिरी, चिकट. पुढची चकती चहाच्या रंगाची. मग कडेला पांढरं, मधे डाग. 95 सेंटीमीटरवर सुरी कर्रकन गेली, आणि काप पूर्ण पांढरा, पाण्याने भरलेला. तिथे थांबलो. गाभ्याच्या पातळीला सोपावर पेनाने रेघ मारून ठेवली. दोन दिवसांनी गाभा रेघेच्या वर दीड सेंटीमीटर आला होता. दुसरा, तिसरा आणि चौथा बुंधा 80 ते 100 सेंटीमीटरच्या मधे पांढरे लागले.

जाड बुंधा तर 110 वरच पांढरा होता. सगळ्यात कमी नुकसान त्याचंच. रेघ मारली आणि वाट पाहिली. एक आठवडा, दोन, चार. बाकीच्यांचे पोंगे वीतभर वर आले, हा जागचा हलला नाही. एप्रिलअखेर तो वरून वाळत खाली यायला लागला, तेव्हा उभा चिरला. बुडापासून वरच्या कापापर्यंत मधून एक अखंड भरीव दांडा गेला होता. तेव्हा ती ऑक्टोबरमधली चकती आठवली.

तो केळफुलाचा दांडा होता. केळ निसवायला, म्हणजे फूल काढायला, लागते तेव्हा कंदावरचा कोंब पानं काढायचं थांबवतो, आणि खरं खोड बुंध्याच्या नळीतून वर चढतं, टोकाला फूल घेऊन. म्हणजे कोंब जमिनीलगत असतो हा नियम फक्त निसवण्याआधीचा. माझ्या सुरीच्या वर त्या दिवशी फुलासकट तो कोंब होता, आणि मी तो पानांच्या ढिगात टाकला. खाली राहिलेल्या बुंध्यात नवं पान काढू शकेल असं काही उरलंच नव्हतं. थंड हवामानात बास्जूला फूल येण्यासाठी एकच बुंधा अनेक हिवाळे जिवंत ठेवावा लागतो. या बुंध्याला चार वर्षं जपलं होतं. याचं मनापासून वाईट वाटतं.

जुने फोटो काढून पाहिले तेव्हा खूण आधीच दिसत होती. जुलैपर्यंत जाड बुंध्याचं प्रत्येक पान आधीच्यापेक्षा लांब होतं, सप्टेंबरपासून ती आखूड होत गेली. शेवटची दोन तर शेजारच्या लहान बुंध्याच्या पानांपेक्षाही छोटी. मी ते थंडीमुळे समजलो होतो. पण थंडीमुळे असतं तर पाचही बुंध्यांची पानं आखडली असती.

म्हणून यंदा प्रत्येक बुंध्याला वेगळ्या रंगाची दोरी बांधली आहे आणि पान पूर्ण उलगडलं की त्याची लांबी लिहून ठेवतो. ज्या बुंध्याची पानं एकट्याची आखडू लागतील, तो कापायचा नाही. त्याच्यासाठी अडीच मीटर उंच जाळी आणि पेंढा बुंध्याच्या टोकाच्याही वरपर्यंत. तशा उंचीवर फुलाचा दांडा उणे तापमानात तगेल का, हे करून पाहायचं आहे.

मे, तिसरा आठवडा. मॉरेली 5 तारखेला पुन्हा जमिनीत लावली, रात्री 8 अंशांखाली जाणं थांबल्यावर. पहिलं पान फिकट आणि कडेला जळकं आलं, ते कोठीतच तयार झालेलं होतं. दुसरं आज उलगडलं, खालून गडद लाल. मेलेल्या बुंध्याच्या कंदाला बाजूने दोन मुनवे फुटलेत, अरुंद तलवारीसारख्या पानांचे, म्हणजे जोमाचे. त्यातला एक ठेवतोय. लाल दोरीच्या बुंध्याचं तिसरं पान 94 सेंटीमीटर, दुसरं 81 होतं.