सातवीचे चौसष्ट पेपर

घटक चाचणीचे ६४ पेपर हजेरी क्रमांकाने लावायचे होते. निम्मे एका मुलाला दिले, निम्मे एका मुलीला. मुलगा एकेक पेपर उचलून लावलेल्या गठ्ठ्यात योग्य जागी सरकवत होता. गठ्ठा वाढला तशी जागा शोधायला जास्त वेळ लागू लागला. मुलीने आधी फरशीवर सात ढीग मांडले: १ ते १०, ११ ते २०, असे. मग एकेक ढीग लावून एकावर एक ठेवला. तिचं बरंच आधी झालं. "बाई, थोडे थोडे लावायला सोपं जातं," एवढंच म्हणाली. मला इतका आनंद झाला की तास तिथेच थांबवून सगळ्यांना तिची रीत दाखवली.

संगणकशास्त्रज्ञ जेनेट विंग यांनी २००६ साली लेख लिहून ज्या 'संगणकीय विचारा'कडे जगाचं लक्ष वेधलं, तो हाच. कामाचे तुकडे करायचे, सारखेपण हेरायचं, पायऱ्या ठरवायच्या. त्याला संगणक लागतोच असं नाही, आणि पाचवी ते आठवीच्या मुलांना आधी हेच द्यावं असं माझं ठाम मत आहे. कोडिंग नंतर.

दुसऱ्या दिवशी आकडा ओळखायचा खेळ घेतला. १ ते १००, उत्तर फक्त हो किंवा नाही. दर वेळी उरलेले निम्मे उडवले की सात प्रश्नांत आकडा सापडतोच. "आणि हजारापर्यंत असेल तर?" मागच्या बाकावरून प्रश्न आला. कुणी सत्तर म्हणालं, कुणी शंभर. फळ्यावर निम्मे निम्मे करत गेलो.

दहा!