पुराच्या गावातलं सुट्टीचं घर

कुरुंदवाडचं घर विकून टाका, असं सांगणारं कुणी ना कुणी दर पावसाळ्यात भेटतंच. घर आईकडचं. आम्ही भावंडं कोल्हापुरात, त्यामुळं ते सुट्टीलाच उघडतं. तरी विकायचं नाही, हे आमचं पक्कं आहे.

पंचगंगा आमच्या कोल्हापूरच्या घाटावरून जाते ती नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते. वाडीहून पूल ओलांडला की कुरुंदवाड. १९४८पर्यंत पटवर्धनांचं संस्थान; म्हणून गाव लहान असूनही घाट, पेठ, बाजार सगळं ऐसपैस. इथं मशिदींत गणपती बसतो, आणि त्याचं गावात कुणाला नवल वाटत नाही. हे माझ्या मुलांनी बघावं, असं मला मनापासून वाटतं.

पुराचं म्हणाल तर कृष्णा भरली की पंचगंगेला पुढं वाट मिळत नाही. पाणी फुगतं आणि आमच्या शिरोळ तालुक्यातून लवकर हलत नाही. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आली की आम्ही शेजारच्या काकूंना फोन लावतो. ४३ फुटांना धोका पातळी, तोवर गाद्या, भांडी, कागदपत्रं माळ्यावर गेलेली असतात. २०१९च्या महापुरानंतर आम्ही लाईटचे बोर्ड छातीच्या वर घेतले. प्लायवूड घरात आणायचंच नाही, पाण्यानं फुगतं. लोखंडी कॉट, कडाप्प्याचा ओटा, भिंतीत कोनाडे. कपाट नाहीच.

काकू म्हणतात, "पोरी, पाणी उतरतंय तोवरच त्याच पाण्यानं चिखल लोटायचा. एकदा वाळला की भिंत सोडत नाही बघ." हे शहाणपण कुठल्या इंजिनिअरनं मला सांगितलं नव्हतं. घर भाड्यानं दिलं तर हे कोण करणार? म्हणून पाहुण्यांसाठी खोल्या काढायचा सल्लाही आम्ही ऐकत नाही.

दिवाळीत या, म्हणजे खरं गाव दिसेल. सकाळी बाजारातून कृष्णाकाठची वांगी आणायची, भरून करायची. दुपारी खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळातल्या स्वर्गमंडपात उभं राहायचं; वर छताचं गोल उघडं आभाळ. येताना वाडीची बासुंदी आणि कवठाची बर्फी.

यंदा परसातली न्हाणीघराची भिंत परत बांधायची आहे. गवंडी ठरलाय. मुलं मे महिन्याची सुट्टी तिथंच काढणार आहेत, आणि त्यांनाही त्याच्या हाताखाली लावणार आहे.