वारा किती वाजता फिरला : गच्चीवरच्या वहीचे अठरा महिने

रोजचं तापमान टिपायच्या माझ्या वहीला ऑक्टोबर २०२५ अखेर अठरा महिने झाले. आधी कबुली देतो: मे ते ऑगस्ट २०२४ हे पहिले चार महिने मी लाल पेनाने काट मारून बाद केलेत. तापमापक तेव्हा स्वयंपाकघराच्या ग्रिलला टांगलेला होता आणि खालच्या मजल्यावरच्या एसीचं धूड रात्रभर त्याच्यावर गरम हवा सोडत होतं. मुलुंडमध्ये रात्रीचं किमान तापमान ३१ अंश, असं मी चार जणांना छातीठोकपणे कळवलंही होतं. त्या चौघांची इथे जाहीर माफी.

तापमापकांची सध्याची पेटी गच्चीवर आहे, टाकीपासून लांब, दीड मीटर उंच स्टँडवर. भंगारवाल्याकडून जुन्या चाळीतली झिलमिलीची खिडकी मिळाली, तिच्या फळ्या सुतारांनी चारी बाजूंना बसवून दिल्या, वर पांढऱ्या ऑइलपेंटचे दोन हात. दार उत्तरेला, म्हणजे उघडल्यावर ऊन पाऱ्यावर पडत नाही. निदान पुस्तकात तरी तसं असतं. मे महिन्यात एकदा भर दुपारी दार उघडलं तर ऊन थेट आत! मग डोक्यात प्रकाश पडला. मुंबईत साधारण १५ मे ते २८ जुलै दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. अशा पेटीची रचना करणाऱ्या स्कॉटलंडमधल्या स्टीव्हन्सन साहेबांना ही अडचण कधी आलीच नसणार. आता त्या दिवसांत मी छत्री घेऊन वर जातो. शेजारी बघतात, बघू देत.

शून्याची तपासणी थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून केली. किमानाचा तापमापक ०.४ जास्त दाखवतो, तेवढं वजा करून लिहितो. गच्चीचा स्लॅब मात्र रात्रीही ऊब सोडत राहतो, त्यावर उपाय सापडलेला नाही.

आर्द्रता काढायला दुसऱ्या एका तापमापकाच्या बल्बवर ओली वात गुंडाळतात, तो ओला बल्ब. त्याचा शत्रू कावळा. मलमलीची वात कावळ्याला घरट्यासाठी फार पसंत पडली, तीन वेळा ओढून नेली. आता बारीक जाळी लावली आहे. वाचण्याआधी पुठ्ठ्याने दोनतीन मिनिटं वारा घालायला विसरू नका, नाहीतर ओला बल्ब पुरेसा उतरत नाही आणि हवा आहे त्यापेक्षा दमट दिसते.

आता मुद्द्याचं. महिन्यांच्या सरासरीचा तक्ता मांडला की मुंबई फार कंटाळवाणी दिसते. सांताक्रूझ वेधशाळेचं सरासरी कमाल जानेवारीत ३१ च्या आसपास, मेमध्ये ३३-३४. तीन अंशांचा खेळ! ऑगस्टमध्ये तर ढगांमुळे दुपारचा पारा जानेवारीपेक्षाही किंचित खाली असतो. ऋतू खरा दिसतो तो किमानाच्या रकान्यात: सांताक्रूझला जानेवारीत १७ च्या जवळपास, मेमध्ये २७ च्या घरात. मुंबईचा उन्हाळा मोजायचा असेल तर पहाटेचा पारा बघावा, असं माझं ठाम मत झालंय.

आणि मार्च? मार्चने मला नवा रकाना उघडायला लावला. लागोपाठ दोन दिवस, आकाश सारखंच निरभ्र. पहिल्या दिवशी कमाल ३९, दुसऱ्या दिवशी ३४.५. पाच अंश गेले कुठे? उत्तर आईने दिलं. आईचं माहेर अलिबागचं, तिला वारा अंगावर कळतो. पहिल्या दिवशी अडीच वाजेपर्यंत ती म्हणत होती, "अरे, मतलई अजून हटला नाही, खारा वारा कुठे अडकलाय बघ." दुसऱ्या दिवशी साडेबारालाच तिने स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली होती.

शाळेत पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे ते हेच. जमिनीवरून येणारा पूर्वेचा वारा जोरात असला की समुद्राचा वारा उशिरा शिरतो आणि तोवर पारा चढत राहतो. ३९ च्या त्या दुपारी ओला बल्ब २२ वर होता, म्हणजे आर्द्रता जेमतेम वीस-बावीस टक्के. घाम येतोय आणि वाळतोय, ओठ फुटतायत, मुंबईत नाशिकची दुपार. वारा फिरल्यावर अर्ध्या तासात ३४ आणि २६: पारा पाच अंश उतरला, आर्द्रता पन्नाशीपार, आणि सदरा पाठीला चिकटला.

सांताक्रूझचे दोन्ही टोकाचे विक्रम मला आता याच नजरेने दिसतात. १४ एप्रिल १९५२ चे ४२.२ आणि २२ जानेवारी १९६२ चे ७.४. दोन्हीकडे जमिनीवरच्या वाऱ्याचं राज्य. समुद्राला शिरू दिलं तर तो ना इतकं तापू देतो, ना इतकं गारठू देतो.

तेव्हापासून गच्चीच्या दांडीला नायलॉनच्या ओढणीची पट्टी बांधली आहे आणि 'वारा फिरला' हा रकाना आई भरते. मी ऑफिसात असतो.

मेचं काय सांगू? माझ्याकडे धड मे एकच, २०२५ चा, आणि तोही भिजलेला. मुंबईत मान्सून यायची नेहमीची तारीख ११ जून, त्या वर्षी तो २६ मेलाच हजर. तुलनेला पुढच्या मेची वाट बघायची. ऑक्टोबर हीटचे आकडेही यंदा पावसाने तुकड्यातुकड्यांत आलेत, पण कोरड्या दिवसांत कमाल मेच्या तोडीला जाऊन बसतं हे वहीत दिसतंय.

एका ठिकाणच्या वहीने मुंबई कळत नाही हे २६ जुलै २००५ ने सगळ्यांना शिकवलंच आहे: सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला त्याच चोवीस तासांत ७३. म्हणून दुसरी पेटी गिरगावात मावशीच्या गॅलरीत बसवायची आहे. जाता जाता एक गंमत, कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय मोजमाप १९०४ मध्ये अलिबागला हलवलं, कारण मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांनी सुया बिघडल्या असत्या. माझ्या एसीच्या धुडाचे पूर्वज!

पेटी तयार होईपर्यंत मावशीला एवढंच सांगितलंय की वारा फिरला की वेळ कळव. वर्सोवा, गोराई, चेंबूरकडचं कुणी रोज एवढी एक वेळ टिपणार असेल तर वही जुळवून बघू. मावशीचा पहिला निरोप काल आला: "११:२०. पडदा आत आला." आमच्याकडे आईने लिहिलंय १२:५०.