जन्मदाखला लेस्टरचा, पिनकोड कोथरूडचा

"तुला कसली अडचण येणारे? तू तर तिथलीच!" निघायच्या आधी हे इतक्या नातेवाइकांकडून ऐकलं, की मलाही ते पटायला लागलं होतं. कागदोपत्री ते खरंच आहे. बाबा १९७९ साली डॉक्टरकीच्या पुढच्या ट्रेनिंगसाठी इंग्लंडला आले, १९८१ मध्ये लेस्टरला माझा जन्म झाला आणि १९८९ मध्ये आम्ही सगळे कोथरूडला परतलो. १ जानेवारी १९८३ च्या आधी इथे ब्रिटनमध्ये जन्मलेलं जवळपास प्रत्येक मूल आपोआप ब्रिटिश ठरायचं. माझा भाऊ त्याच वर्षी मार्चमध्ये झाला. तोवर कायदा बदलला होता आणि आईबाबांकडे कायमच्या वास्तव्याचा परवाना नव्हता. म्हणून मी ब्रिटिश, तो नाही. हॉस्पिटल मात्र एकच! त्याचे टोमणे अजून चालू आहेत.

चाळिशी उलटल्यावर इथली नोकरी चालून आली, तेव्हा तो दाखला कपाटातून निघाला. भारतात दुहेरी नागरिकत्व चालत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट परत केला आणि ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड घेतलं. आता मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. शेतजमीन मी तशीही घेणार नव्हते, पण 'नाही' म्हटल्यावर उगाच लागतं.

ब्रिटिश पासपोर्टचं काम विमानतळावरच्या ई-गेटपाशी संपतं. पुढे बँकेच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये गेल्या तीन वर्षांचे पत्ते मागितले होते. इथला पोस्टकोड अक्षरं आणि आकडे मिळून बनतो. त्या रकान्यात ४११०३८ टाकलं की खाली लाल अक्षरांत 'अवैध'. रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकेना. बँकेला घराचा पत्ता हवा, घर देणाऱ्या एजंटाला बँक खातं हवं. शिवाय त्याला माझा कर्जफेडीचा इतिहास पाहायचा होता. आठव्या वर्षी देश सोडलेल्या मुलीच्या नावावर कसलं कर्ज असणार? शेवटी सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मोजलं. इथे वाढणाऱ्या मुलांना सोळाव्या वर्षाच्या आसपास नॅशनल इन्शुरन्सचा, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या सरकारी विम्याचा नंबर घरपोच येतो. मला तो अर्ज करून, ओळख पटवून मिळवावा लागला.

माझ्याच सुमारास हैदराबादचा एक सहकारी वर्क व्हिसावर रुजू झाला. त्याच्या हॉटेलचा खर्च कंपनीने केला, घर शोधायला माणूस दिला, मुलाच्या शाळेची चौकशी करून दिली. मी विचारलं तर एचआरची बाई गोड हसून म्हणाली, "पण तुम्ही तर ब्रिटिश आहात ना!" झालं. कोथरूडचे नातेवाईक आणि ही बाई, दोघांचं एकच पालुपद.

लहानपणीचं गाव तरी ओळखीचं निघेल असं वाटलं होतं. बेलग्रेव्ह रोड आहे, १९७२ मध्ये युगांडातून हाकलल्या गेलेल्या गुजराती कुटुंबांनी उभ्या केलेल्या त्या भागात आजही साड्या आणि फरसाण मिळतं. वूलवर्थ्सचं दुकान मात्र २००९ च्या सुरुवातीलाच कायमचं बंद झालं. आईने जपून ठेवलेली एक पौंडाची गोल नाणी तिने कौतुकाने सोबत दिली होती. त्यातलं एक कॉफीच्या काउंटरवर ठेवलं. तिथल्या मुलीने ते उलटसुलट करून पाहिलं आणि दुसरीला दाखवायला आत घेऊन गेली. ती नाणी दुकानांत ऑक्टोबर २०१७ पासून चालत नाहीत. आता बाराकोनी चालतात.

गाडीचंही तसंच. भारतीय लायसन्सवर इथे बारा महिने चालवता येते, मग नव्याने थिअरी आणि प्रॅक्टिकल. कर्वे रोडवर ऐन संध्याकाळी गाडी चालवलेल्या बाईला 'आरशात बघायची सवय नाही' हे ऐकून घ्यावं लागतं, तेही प्रॅक्टिकलची तारीख महिनोन्महिने मिळत नसताना.

हे सगळं मी हसून नेलं असतं. खरा राग नवऱ्याच्या व्हिसाचा येतो. मुलीला माझ्यामुळे ब्रिटिश पासपोर्ट मिळाला, पण नवऱ्याला आणायचं तर माझा वर्षाचा पगार किमान २९,००० पौंड हवा. एप्रिल २०२४ पूर्वी ही अट १८,६०० ची होती. शिवाय एकाच नोकरीतल्या सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा जोडायच्या. म्हणजे तोवर तो तिकडे, मी इकडे. त्या हैदराबादी सहकाऱ्याची बायको मात्र त्याच्यासोबत एकाच विमानाने आली. नागरिकाच्या नवऱ्यापेक्षा पाहुण्याच्या बायकोची वाट सोपी, हा कुठला न्याय?

मुलगी अकरावीत आहे. पासपोर्ट ब्रिटिश असला तरी इंग्लंडात कॉलेजची स्थानिक फी लागू व्हायला आधीची तीन वर्षं इथलं वास्तव्य लागतं. २०२५-२६ साठी ती फी जास्तीत जास्त ९,५३५ पौंड होती. परदेशी विद्यार्थ्यांची त्याच्या कितीतरी पट. तिने पुण्यातच पदवी करायची असं तूर्त ठरलंय आणि त्यावर ती जाम खूश आहे.

तुमच्यापैकी कोणाच्या कपाटात असा दाखला असेल, तर मुलं आठवी-नववीत असतानाच हिशोब मांडा. आणि पुण्यातल्या गाडीच्या विमा कंपनीकडून नो-क्लेमचं पत्र इंग्रजीत लिहून घ्या. इथल्या सगळ्याच कंपन्या ते मानतात असं नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत.